सोपी शिकार

शेतीखात्याचा सहायक विषाच्या गोळ्यांची पोती घेऊन आला, तेव्हा वहिनी बांधावरच्या खांबाखाली मान वर करून उभ्या होत्या. खांबावरच्या लाकडी खोक्यातून आज पहिल्यांदाच एका पिल्लाने पांढरं तोंड बाहेर काढलं होतं, आणि ते दाखवायला त्यांना कोणीतरी हवं होतं.

"बरे आलात," त्या म्हणाल्या. "बघा, तुमचीच नातवंडं."

सहायकाने वर पाहिलं नाही.

हा खांब त्यानेच उभा केला होता. शेतातल्या पाखरांसाठी सरकारने एक योजना काढली होती. गव्हाणी घुबडं उंदीर खातात, त्यांना राहायला खोकी द्या, म्हणजे औषध लागणार नाही, असं तिचं साधं गणित होतं. घुबडाला आपणहून कोण बोलावतं, म्हणून बाकीच्यांनी नाकं मुरडली. वहिनींनी मात्र खोकं बसवून घेतलं, कारण पेरलेलं निम्मं बी उंदरांच्या पोटात जात होतं. मग एक जोडी आली, राहिली, आणि वहिनींच्या शेतातली बिळं ओस पडत गेली. शेजारचं शेत धाकट्या दिराचं. वहिनींनी घरजावई ठेवलाय, असं तो सगळ्यांना सांगायचा. पण खोक्याखाली कोणी दगड उचलला, तर आधी तोच धावायचा.

सहायक गाडीला टेकून बोलू लागला. यंदा चहूकडे उंदीर माजलेत. खात्याने मोहीम काढली आहे, औषध फुकट आहे, एकही शेत सुटता कामा नये. सुटलेल्या शेतातून ते पुन्हा पसरतात.

वहिनींनी खोक्याकडे बोट केलं. "आणि यांचं काय?"

त्याने हेल्मेट काढून टाकीवर ठेवलं. खोक्यांची योजना संपली, तो म्हणाला. ती ज्या कार्यालयाची, ते वेगळं. मोहीम ज्या कार्यालयाची, ते वेगळं. त्याने दोन्हीकडे कळवलं होतं, आणि दोन्हीकडून दुसरीकडे विचारा असं उत्तर आलं होतं.

माझ्या शेतात मी गोळी पडू देणार नाही, असं वहिनींनी सांगून टाकलं.

"तुमचं शेत मी गुपचूप सोडलं असतं, वहिनी. पण घुबड काय तुमचा बांध बघून परत फिरतं का? ओढ्यापलीकडे सगळीकडे आठवड्यापूर्वीच टाकून झालंय."

तेवढ्यात दीर शेंगांच्या ओळींमधून रिकामी बादली हलवत आला. हातात रबरी मोजे, चेहऱ्यावर काम उरकल्याचं समाधान. त्याला त्याचा वाटा सकाळीच मिळाला होता. "तुमच्याही बिळांत टाकून आलो," तो म्हणाला. "दादा इथे नाही, तुम्ही एकट्या कुठे वाकत बसणार?"

दिराने एकदा वहिनींकडे पाहिलं, एकदा सहायकाकडे, आणि मग खांबाकडे. त्याचा चेहरा उतरला. उंदीर खाल्लेल्याला पण लागतं का, असं त्याने विचारलं. सहायकाने होकारार्थी मान डोलावली. गोळी खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, त्याने सांगितलं. आधी सुस्त होतो, उजेडात येऊन बसतो, पळायचं विसरतो. पुढचं त्याला सांगावं लागलं नाही.

तिघेही कामाला लागले. दीर खांद्यापर्यंत हात घालून सकाळच्या गोळ्या बिळांतून बाहेर काढत होता. वहिनी बादली घेऊन बांधाबांधाने निघाल्या. ओढ्याच्या कडेला एक मोठा उंदीर उघड्यावर बसला होता. वहिनींची सावली त्याच्यावर पडली, तरी तो हलला नाही. शेपटी धरून उचलला, तेव्हाही त्याने धडपड केली नाही. तो पलीकडच्या शेतातून आला होता. पुढे आणखी एक होता, मग आणखी. बादली जड झाली आणि वहिनींनी ओढ्यापलीकडे पाहिलं. तिकडे नजर पोहोचेल तिथवर शेतंच होती.

ऊन उतरल्यावर सहायकाने शिडी आणली. खोक्याचं तोंड फळीने बंद करू, मोठी घुबडं कंटाळून जातील, असं त्याच्या मनात होतं. तो अर्ध्यावर चढला असताना वहिनींनी खालून शिडी धरली.

"बंद केलं तर पिल्लं खातील काय?"

तो फळी काखेत मारून खाली उतरला.

अंधारून येताना नर बाहेर पडला. एरवी तो शेतावरून कितीदा तरी घिरट्या घालायचा, झेपावायचा, रिकामाच वर यायचा. आज तो ओढ्यापलीकडे खाली उतरला आणि उंदीर घेऊन लगेच उठला. वहिनींनी ढेकूळ उचलून त्याच्या वाटेत भिरकावलं. त्याने पंख कलते केले, दुसऱ्या बाजूने आला आणि खोक्यात शिरला. आतली पिल्लं फुसफुसत एकमेकांवर चढली. मग मादीही निघाली. दोघांची एकही फेरी वाया जात नव्हती.

वहिनींनी आणखी ढेकळं मारली. मग हात खाली सोडले. दीर बिळापाशी तसाच बसून राहिला होता.

हळूहळू खोक्यातला आवाज मंदावला आणि थांबला. "पोटं भरली त्यांची," सहायक म्हणाला.

नर पुन्हा एक उंदीर घेऊन आला. चोच आत घालून त्याने वाट पाहिली. घ्यायला कोणी पुढे आलं नाही, तेव्हा तो खोक्याच्या छपरावर बसला आणि सावकाश स्वतःच खाऊ लागला.