पाच हातांची मोकळी जागा

"ही फळी काढा," पाठारे म्हणाला.

मुंबईचा हा वास्तुकार नव्या घराच्या गच्चीवर उभा होता आणि घरमालकाची आई उमाबाई फळीच्या टोकावर मांडी ठोकून बसल्या होत्या. पाडलेल्या जुन्या घरातली ती लांब सागवानी फळी. एक टोक नव्या स्लॅबवर, दुसरं शेजारच्या लिंबाजीच्या मातीच्या माळवदावर. मधे पाच हातांचं अंतर, खाली बोळ.

असलं घर लोहाऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं. नक्षी नाही, कमान नाही, कोनाडासुद्धा नाही. सगळा भार खांबांवर, आणि समोर या टोकापासून त्या टोकापर्यंत काचेची खिडकी. घरमालक रेवणप्पा कापडवाल्याला साहेबाचं सगळं पटलं होतं. त्याला कुणाचंही पटायचं.

"घर चारी बाजूंनी सुटं हवं," पाठारे म्हणाला. "उजेड पाहिजे, वारा पाहिजे. उद्या फोटो काढायला माणूस येतोय. आणि माझा नियम आहे, बाई. ज्याला काम नाही ते घरावर नको."

"हिला लई काम हाय," उमाबाई म्हणाल्या. "मागल्या धाडीत घोडंवाले गावात शिरले तवा आमी माळवदावरनं आठ घरं वलांडली अन् वढ्यात उतरलो. म्हून जित्ते हाव. गल्लीतला धोंडप्पा खालच्या दारानं पळाला, त्यो माघारी आला न्हाय. आता सुनंला सातवा म्हैना हाय. तिनं काय तुमचा वारा खात बसायचं?"

"भीतीपोटी बांधतात त्याला मी घर म्हणत नाही."

"नका म्हनू. तुमाला कुठं ऱ्हायचंय इथं?"

पाठारेचं डोकं फिरलं. सहा महिने उन्हातान्हात उभं राहून त्यानं ही वास्तू उठवली होती, आणि एक म्हातारी तिच्या अंगावर लाकूड टाकून बसली होती. तो मागे उभ्या असलेल्या रेवणप्पाकडे वळला.

"तुम्ही सांगा यांना. नाहीतर मी उचलतो."

रेवणप्पानं आईकडे पाहिलं, साहेबाकडे पाहिलं, आणि मग तो स्वतःच्या पायांची नखं बघत राहिला. पाठारेनं वाकून फळीला हात घातला. उमाबाई हलल्या नाहीत.

तेवढ्यात वेशीवर हलगी कडाडली.

ही हलगी लग्नाची नव्हती, हे गावात लहान पोरालाही कळत होतं. वेशीबाहेर धूळ उठली होती. शिवगंगा धापा टाकत जिना चढून आली. सासूनं तिला फळीवर बसवलं आणि ती पोट सांभाळत, सरकत सरकत पलीकडे गेली. मागोमाग रेवणप्पा गेला. उमाबाई बांधावरून जावं तशा चालत गेल्या.

पाठारे एकटाच उरला. घोड्यांच्या टापा जवळ आल्या, आणि खाली ती लांबलचक काच खळ्ळकन फुटली. त्यानं बोळात वाकून पाहिलं. पाच हात. टेप लावून त्यानंच मोजून घेतले होते.

पलीकडे उमाबाई उकिडव्या बसून फळीचं टोक दोन्ही हातांनी दाबून धरत होत्या.

"या सायब, लवकर या," त्या म्हणाल्या. "तुमी आलात की काढते फळी."