पागोळ्यांचं पाणी

पाऊस कोसळत होता, तरी सारं गाव ख्रिस्ती देवळाच्या अंगणात जमलं होतं. हॅमो पाथरवटानं कोरलेला, छपराच्या नव्या पन्हळीच्या टोकाला बसवलेला दगडी सिंह सगळं पाणी जबड्यातून लांब ओढ्याकडे फेकत होता.

"शाब्बास, हॅमो! आता भिंतीला ओल धरायची नाही," पाद्रीबाबा म्हणाले. "पाचशे वर्षं हलत नाही बघ तुझा सिंह."

"तोंड मात्र तुझ्या सासूवर गेलंय हं!" कुणीतरी ओरडलं. हॅमोही खो खो हसला.

मग त्याला हावीस दिसली. त्याची बायको उत्तरेच्या भिंतीशी चिखलात बसली होती. बाप्तिस्म्याआधीच गेलेल्या लेकराला दफनभूमीत जागा नव्हती. म्हणून गेल्या हिवाळ्यात हॅमोनंच तिथं, छपराच्या कडेखाली, त्याला पुरलं होतं. पवित्र छपरावरून पागोळ्या गळत राहतील, तोच आपल्या बाळाचा बाप्तिस्मा, असं त्यानंच तिला समजावलं होतं.

हॅमोनं वर पाहिलं. छपराच्या कडेवरून एक थेंबही गळत नव्हता.

"पाऊस पडतोय की गं त्याच्यावर," तो चाचरत म्हणाला.

"हा आभाळाचा. देवळाचा नाही." तिनं सिंहाकडे पाहिलं. "पाचशे वर्षं म्हणाले ना हो पाद्रीबाबा?"