न विचारलेली साक्ष

“हा साक्षीदार तेव्हाही होताच ना?” न्यायाधीशांनी विचारलं.

“होता, युअर ऑनर,” वकीलबाई म्हणाल्या.

“मग खालच्या कोर्टात का आला नाही?”

“घरगुती कारण. प्रतिज्ञापत्रात तसं लिहिलंय.”

“एवढंच?”

“एवढंच.”

तो साक्षीदार, अभय मयेकर, मागच्या बाकावरच बसला होता. काल मुंबईहून विमानाने आला होता, आज संध्याकाळी परत जाणार होता. गळ्यात टाय. लेकीच्या, अवनीच्या, लग्नात एकदा घातलेला, त्यानंतर आज. त्याच्या शेजारी गिरिजा. समोर आरोपीच्या जागी तिचा नवरा, शामकांत.

बोट दुरुस्तीसाठी गोदीत लागली होती. शामकांत तिच्यावर चीफ इंजिनियर, अभय सेकंड. एक कामगार तेलाच्या टाकीत उतरला आणि आतल्या वायूने गुदमरून गेला. हवा न तपासता टाकी उघडी ठेवली, असा शामकांतवर ठपका आला आणि दहा महिन्यांची शिक्षा झाली. अपील फेटाळलं, तर आजच आत.

वरच्या कोर्टाची रीतच निराळी. तिथे खटला पुन्हा चालत नाही. खाली जे बोललं गेलं, ते कागदावरून वाचायचं आणि खालच्या न्यायाधीशाचं कुठे चुकलं का, तेवढं बघायचं. नवा माणूस ऐकायचा, तर तो आधी का आला नाही याला भक्कम कारण हवं. वकीलबाईंनी हे गिरिजाला पुन्हापुन्हा समजावलं होतं. कळलंही होतं तिला. पण अहो, माणूस समोर बसलाय, समुद्र ओलांडून आलाय, टाय बांधून बसलाय, आणि त्याला कोणी साधं ‘काय पाहिलंस बाबा’ म्हणून विचारणार नाही? हे काही केल्या तिच्या पचनी पडत नव्हतं.

कोणी विचारलं नाही. न्यायाधीशांनी वर न बघता मान हलवली. अपील फेटाळलं.

शामकांतने मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या हातात दिलं. “जेवून घ्या दोघं,” तो म्हणाला. “उपाशी जाऊ नका.” मग त्याला घेऊन गेले. दार लागलं तेव्हा गिरिजाला इतकं एकटं वाटलं, की अभय शेजारी उभा आहे हेसुद्धा ती क्षणभर विसरली.

जवळच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या मोठ्या मांडवात, दुपारची झुंबड होती. जिकडेतिकडे टेबलांवर टिश्यूची पाकिटं ठेवून जागा धरलेल्या. कोपऱ्यात एक टेबल मिळालं. अभय दोन ताटल्या भात घेऊन आला. दोघांनीही चमचा उचलला नाही.

“वहिनी, माझा काही उपयोग झाला नाही हो.”

“तुम्हाला विचारलं कुठे कोणी?” गिरिजाने ताटली बाजूला सारली आणि घड्याळ समोर ठेवलं. “मी विचारते. नाव सांगा.”

“अहो वहिनी, इथे कुठे…”

“नाव सांगा, भावोजी.”

अभयने इकडेतिकडे पाहिलं. मग टाय सारखा केला.

“अभय मयेकर.”

“त्या दिवशी काय पाहिलंत?”

तो आधी चाचरला. मग बोलत गेला. चीफसाहेबांनी टाकीचं झाकण स्वतःच्या हाताने लावलं. वर दोर बांधला, पाटी लावली. हवा तपासल्याशिवाय उघडायचं नाही, असं गोदीच्या मुकादमाला बजावलं. मुकादम हो म्हणाला. परत आलो तर दोर सोडलेला आणि झाकण उघडं.

ट्रे घेतलेला एक माणूस थबकला. “आंटी, दिस सीट गॉट पीपल?” त्याने तिसऱ्या खुर्चीकडे बोट केलं. गिरिजाने मान हलवून नाही म्हटलं. तो बसला आणि नूडल्स खाऊ लागला.

“हे सगळं तुमच्या डोळ्यांसमोर?”

“डोळ्यांसमोर.”

शामकांतच्या तोंडून तिने हेच कितीदा ऐकलं होतं. पुंगोलच्या त्यांच्या फ्लॅटच्या भिंतींनाही पाठ झालं असेल. पण नवऱ्याने बायकोला सांगितलेलं ते सांगणं. ही साक्ष होती.

“मग खालच्या कोर्टात का आला नाहीत?”

अभयने मान खाली घातली. “घरगुती कारण होतं.”

“कसलं?”

“राहू द्या ना, वहिनी.”

“तुम्ही शपथेवर आहात.”

नूडल्सवाल्याने एकदा दोघांकडे पाहिलं आणि पुन्हा वाटीत तोंड घातलं.

“अवनीचं लग्न होतं,” अभय म्हणाला.

“म्हणून आला नाहीत?”

“तिकीट काढलं होतं मी.” त्याचा आवाज खाली गेला. “तुमचा फोन आला. म्हणालात, घरात कार्य आहे, अशा वेळी कोर्टाची पायरी चढू नका. आमचं आम्ही निभावून नेऊ. खरं काय ते कोर्टाला दिसेलच.”

“हे त्या कागदात का नाही लिहिलंत?”

“तुमचं नाव कसं लिहिणार, वहिनी?”

गिरिजाने न्यायाधीशांसारखीच मान हलवली. वर न बघता. मग घड्याळ उचलून स्वतःच्या मनगटावर चढवलं. ते सैल होऊन पार कोपरापर्यंत घसरलं.

“जेवा, भावोजी,” ती म्हणाली आणि भाताची ताटली पुन्हा पुढ्यात ओढली. “सांगून गेलेत ते.”