दुखरा गुडघा

उडीचा उंचवटा समोर आला आणि रेसी आपल्या स्कीवर सरळ उभी राहिली. उताराच्या शर्यतीत अंगाची पार घडी करून खाली सुटायचं असतं. मधेच उभं राहिलं की खेळ खलास. गेल्या हिवाळ्यात याच उंचवट्यावरून ती भिरकावली गेली होती आणि गुडघा आतून फाटला होता. आज गुडघा ठणठणीत होता. डॉक्टर तसं म्हणाले होते, वरच्या वळणांवर तिलाही ते कळलं होतं. पण अवसान गळालं ते गळालंच. ती बाजूच्या जाळीला धरून थांबली.

तिला चेव यावा म्हणून खाली लोक इतका वेळ गाईंच्या गळ्यातल्या घंटा वाजवत होते, त्या बंद पडल्या. तिच्या गावची माणसं होती ती. तिच्या चाहत्यांचं मंडळच होतं गावात, आणि गोठे शेजारपाजारच्यांवर टाकून बसभर माणसं पहाटे निघून आली होती. क्विरिन खाटीक हा या मंडळाचा अध्यक्ष. त्यानं तर भर मोसमात दुकानाला कुलूप लावलं होतं. वर्षभर यांच्यातलंच कुणी ना कुणी रेसीच्या आईच्या दारात अंडी, लोणी, काहीबाही ठेवून जात होतं.

रेसी कडेकडेनं खाली घसरत निघाली. काय सांगायचं यांना? भ्याले म्हणून? त्यांच्या गावात पोर चालायला लागलं की स्कीवर उभं करतात, तिथं ही गोष्ट बोलायची कशी?

खाली पोचते न पोचते तोच टीव्हीवाल्यांनी माईक पुढे केला, आणि तिच्या तोंडून निघून गेलं, “गुडघ्यानं दगा दिला.” सगळ्या मैदानात कर्ण्यावरून ते घुमलं. लोक हळहळले.

तोंड बोलून बसलं, आता पायाला ते निभावणं आलं. त्या जड बुटांत धडधाकट माणूससुद्धा बदकासारखा चालतो. रेसीनं त्यात थोडं लंगडणं घातलं. मग आणखी थोडं. डोळ्यांत पाणी आलं ते मात्र खरं होतं, आणि स्वतःची तिला इतकी किळस कधी आली नव्हती.

कठड्यापलीकडे मंडळ उभं होतं. कुणी तिचे खांदे थोपटले, कुणी गालाला हात लावला. पुढच्या खेपेला बघू, असं सगळेच म्हणत होते. क्विरिननं आपला जाडजूड पाय कठड्याच्या दांडीवर ठेवला आणि विजारीवर गुडघ्यापाशी बांधलेली लाल लोकरीची पट्टी तिला दाखवली. तशी पट्टी प्रत्येकाच्या पायाला होती.

“बुर्गलआजीनं विणल्यात सगळ्या,” तो म्हणाला. “पोरीनं एकटीनंच का सोसायचं, म्हणाली. म्हणून आम्ही सगळ्यांनी डाव्या गुडघ्याला...”

तो तिथंच अडखळला. त्याची नजर रेसीच्या पायांवर गेली होती. रेसीनंही खाली बघितलं. सगळा भार तिनं डाव्या पायावर टाकला होता, आणि उजवा, ज्याला कधी साधं खरचटलंसुद्धा नव्हतं, तो दुखरा करून अलगद टेकवला होता.

हळूहळू सगळ्यांनाच ते दिसलं. रेसीचे कान तापले. धरणीनं पोटात घ्यावं असं तिला झालं. एखाद्यानं शिवी हासडली असती तरी तिनं ती आनंदानं घेतली असती.

“काका, मी खरं सांगू का,” ती म्हणाली, “मी...”

“अगं, माझंच चुकलं,” मधेच बुर्गलआजी बोलली. ती कठड्याला धरून कशीबशी खाली वाकली होती आणि आपल्या डाव्या गुडघ्यावरची गाठ सोडवत होती. “वय झालं बाई आता. डावं कुठलं, उजवं कुठलं, काही म्हणून ध्यानात राहत नाही.”

पट्टी सुटली. आजीनं ती उजव्या गुडघ्याला गुंडाळायला घेतली. क्विरिननं तिच्याकडे बघितलं, पाय दांडीवरून खाली घेतला आणि कण्हत तोही वाकला. त्याच्या मागचे दोघे वाकले. मग सगळेच.

“नका ना,” रेसी म्हणाली. “क्विरिनकाका, नका ना असं करू.”

पण सगळ्यांच्या माना खाली होत्या, आणि गारठलेल्या बोटांनी गाठी लवकर सुटत नव्हत्या.