पाच पुंगळ्या

उडालेल्या काडतुसाची लोखंडी पुंगळी घरी पुन्हा भरता येते का, असं वर्नानं नवऱ्याला एकदाच विचारलं होतं. मोंटानातल्या त्या नेमबाजी क्लबात ऑर्विल ते सांगून सांगून आठवडाभर हसला. "अगं, भरायची ती पितळेची. लोखंड एकदा उडालं की भंगार. तुझा हात स्थिर आहे, तू आपली मुकाट्यानं काडतुसं भरून देत जा."

आज शेवटच्या फेरीला वर्ना त्याच्या मागे श्वास रोखून उभी होती. पाचवी गोळी सुटली आणि दुर्बिणीला डोळा लावून बसलेल्या लायलचं तोंड उघडंच राहिलं. पाचही भोकं एका नाण्याखाली झाकली गेली असती. बारा वर्षं लायलच्या फडताळात बसलेला चषक अखेर हलणार होता. ऑर्विलनं टोपी हवेत भिरकावली, लायललाच मिठी मारली, वर्नाला उचलून गरकन फिरवलं.

"भरलीत हिनं," तो दिसेल त्याला सांगत सुटला, "पण माल बघा, सोन्यासारखा पिवळाधमक. तुमच्या लोखंडी पुंगळ्या आधी बाजूला काढू दे, माझ्या पितळेत मिसळायला नको."

असं म्हणत त्यानं कोपऱ्यातली लोहचुंबकाची काठी उचलली आणि स्वतःच्या पायाशी फिरवली.

त्याच्या पाचही पिवळ्याधमक पुंगळ्या टणाटण काठीला चिकटल्या.

"वरून नुसता पितळेचा मुलामा आहे, ऑर्विल," वर्ना हळूच म्हणाली. "तीनदा मी पुन्हा भरल्यात, आज चौथ्यांदा उडाल्यात."