उजेड जाणारा वाडगा

हत्यार अडकलं, खट्ट झालं आणि वाडग्याच्या कडेचा लचका उडून कानाएच्या कपाळाला लागला.

"गेला!" मागे उशीला टेकून बसलेले तिचे सासरे, इसोकिची म्हणाले. "शेवटच्या दोन फेऱ्या राहिल्या की तुझ्या अंगात येतं."

"चुकलं, बाबा."

"ते दिसतंय मला. उजवा हात लुळा पडलाय माझा, डोळे नाहीत."

कानाएने पायाखालची कळ सोडली, लेथ थांबला. फुटका वाडगा तिने टोपलीत टाकला. टोपलीतलं सगळं संध्याकाळी न्हाणीच्या चुलीत जायचं. खाली यामानाका गावात गरम पाण्याचे झरे होते. वर डोंगरात अंघोळीला जाळ घालावाच लागे, आणि या घरात जाळाला तोटा नव्हता.

तिचा नवरा मात्सुओ गेल्याला उद्या दोन वर्षं होणार होती. मुलगा गेला तसे इसोकिची भिंतीकडे तोंड करून पडले, ते अकरा दिवस. पेजेला तोंड लावेनात. डॉक्टर म्हणाले, जगायचंच नाही म्हणणाऱ्याला मी काय औषध देऊ? बाराव्या दिवशी कानाए नवऱ्याच्या लेथवर बसली आणि तिने हत्यार उलटं धरलं. लाकूड असं किंचाळलं की म्हातारा भिंत धरत धरत कामाच्या खोलीत हजर!

"माझ्या पोलादाचा खून कोण करतंय?"

ती हत्यारं त्यांनी स्वतः भट्टीत घडवलेली. त्यांनी तिथल्या तिथे तिला शिकवायचं ठरवलं, आणि अटही घातली. ज्यातून उजेड आरपार जाईल असा एक वाडगा काढून दाखव. त्या दिवशी माझं काम संपलं. मग पेजेची वाटी घेऊन माझ्यामागे लागायचं नाही.

दोन वर्षांत तो वाडगा काही निघाला नाही. कधी कड जाई, कधी बूड, कधी मधेच भोक. इसोकिची ओरडून दमले, कानाए ऐकून दमली. सकाळ झाली की दोघं पुन्हा आपापल्या जागी येऊन बसत.

दुपारी शेजारची तोयो खारवलेला मुळा घेऊन आली. कपाळावरचा ओरखडा बघून तिने कानाएला बाहेर ओढलं.

"अगं, काढ की एकदाचा तो वाडगा. म्हाताऱ्यालाही सुटू दे, तूही सूट. तोंड बघ आरशात, पार उतरलंय."

"हात वळत नाही, तोयोताई."

"वीस वर्षं मात्सुओच्या शेजारी बसून कीस झाडलास, आणि हात वळत नाही?"

"बघणं वेगळं."

तोयोने एक उसासा टाकला आणि ती मुळा ठेवून गेली.

जेवताना इसोकिचींचं तोंड सुरूच होतं. खांदा दाबतेस, मनगटाला काम देतेस, श्वास भलतीकडेच सोडतेस. रागाच्या भरात त्यांनी दोनदा भात घेतला. मग एकाएकी त्यांचा सूर उतरला.

"उद्या मात्सुओच्या फोटोपुढे भात ठेवायचा," ते म्हणाले. "नवा वाडगा असता तर बरं झालं असतं. तुझ्या हातचा."

कानाएने वाटी खाली ठेवली. तिने मान खाली घातली.

"उद्या जुन्यातच ठेवू, बाबा."

"हं." त्यांनी फळीकडे बघितलं. मात्सुओने धुरी देऊन वाळवत ठेवलेले ठोकळे तिथे रचलेले होते. "फळी लवकर रिकामी होतेय. रोज एक फोडतेस ना? मग दोन कसे कमी होतात?"

"कधी कधी जाळ पेटत नाही. एखादा घालते."

"मात्सुओचं लाकूड चुलीत! धन्य आहे." एवढंच बोलून त्यांनी मुळ्याचा तुकडा तोंडात टाकला.

संध्याकाळी पाणी तापत आलं. तिने त्यांना हात धरून न्हाणीत नेलं, लाकडी टाकीत बसवलं आणि फळ्यांचं दार ओढून घेतलं. पाण्यात बसले की ते हटकून एक जुनं गाणं बेसूर म्हणत. गाणं सुरू झालं.

कानाए कामाच्या खोलीत आली. तिने फळीवरचा एक ठोकळा काढला, लेथवर चढवला आणि कळ दाबली. तिचा खांदा सैल होता. लाकडाचा कीस लांबच लांब निघत होता, कुठेही न तुटता. आधी बाहेरची बाजू झाली, मग आतली. हत्यार एकदाही अडकलं नाही.

गाणं दुसऱ्यांदा सुरू होईपर्यंत वाडगा तयार होता. तिने तो दिव्यासमोर धरला. कडेपासून बुडापर्यंत सगळीकडून सारखा तांबूस उजेड आला, आणि पलीकडच्या तिच्या बोटांच्या सावल्या त्यात दिसल्या.

ती आतल्या खोलीत गेली. मात्सुओच्या फोटोसमोर तिने वाडगा ठेवला आणि क्षणभर तशीच बसली. तिला फार रडू आलं. मग वाडगा उचलून ती न्हाणीमागे गेली आणि तिने तो चुलीत घातला. पातळ लाकूड भपकन पेटलं.

आतलं गाणं थांबलं.

"कानाए, जाळ एकदम भडकला गं."

"लाकूड सुकं होतं, बाबा."

आत पाणी हललं. मग फळ्यांपलीकडून इसोकिची रोजच्याच दमलेल्या सुरात म्हणाले,

"उद्या बुडाशी फोड. कड या आठवड्यात दोनदा झाली."