अर्थसंकल्पातला पूल

सरपंच घाडीगावकर बाईंनी पेढ्यांचा पुडा माझ्या टेबलावर ठेवला, तेव्हा जनता दरबारात टाळ्या पडल्या. मी मात्र पुडा उघडला नाही.

त्यांच्या ओढ्यावरचा पूल अर्थसंकल्पात आला, असा बॅनर मीच गावात लावला होता. असे बॅनर नऊ गावांत लागले होते. प्रत्येक पुलापुढे तरतूद होती अवघी एक हजार रुपयांची. अर्थसंकल्पाच्या पुस्तकात नाव छापून आलं की लोक वर्षभर गप्प बसतात, एवढं आमदारकीनं मला शिकवलं होतं. बाईंनी फक्त आकडा विचारू नये, असं मी मनातल्या मनात घोकत होतो.

त्यांनी आकडा विचारलाच नाही. "काम कधी सुरू होणार, साहेब?"

"प्रक्रिया चालू आहे," मी म्हणालो. "तोवर तुमचा लाकडी साकव आहेच की. पोरांना सांभाळून न्या शाळेत."

बाई हसल्या. "तो कुठला आता! ठेकेदाराला अडचण नको, म्हणून रविवारी सगळ्या गावानं मिळून काढून टाकला. फळ्या अंगणवाडीच्या बाकांना दिल्या. आमदारांनी शब्द दिलाय म्हटल्यावर कोण थांबतंय?"

शाळा ओढ्याच्या पलीकडे होती आणि पावसाळ्याला सहा आठवडे उरले होते. मी तोंड उघडलं, तर बाईंनी त्यात पेढा घातला.

पीएनं पुढच्या गावाचं नाव पुकारलं. दारातून दुसरे सरपंच हसत आत आले. त्यांच्याही हातात पुडा होता.